मागच्या भिंतीचं हसू

हॅलोकाकांची लेक माझ्या दारात आली तेव्हा रडत नव्हती, संतापली होती. मला अशीच माणसं बरी वाटतात. रडणाऱ्याला आधी पाणी द्यावं लागतं. संतापलेल्याशी थेट कामाचं बोलता येतं.

"ताई, बाबांना तुम्हीच सांगा. ते फक्त तुमचं ऐकतात."

"ऐकत नाहीत गं. माझा आवाज लांब जातो, एवढंच."

काका दोनदा गॅस चालू ठेवून झोपले होते. एकदा जिन्यात पडले, ते दूधवाला येईपर्यंत तिथेच. लेकीने आपल्या घरात त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, पण म्हातारा जागचा हलेना. कारण विचारलं की एकच उत्तर. "तिला सोडून कसा येऊ?"

ती म्हणजे काकू. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"स्पीकरमधून आई हसते म्हणतात," लेक म्हणाली. "मागच्या भिंतीतून. रोज दुपारी ऐकत बसतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भुतंखेतं, अंगात येणं, हाका ऐकू येणं या सगळ्याशी भांडण्यात माझी हयात गेली. चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाले.

हॅलोकाका म्हणजे आमच्या जुन्या नाट्यगृहाचे आवाजवाले. प्रयोगाआधी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून ते "हॅलो, हॅलो" म्हणायचे, म्हणून हे नाव. नाट्यगृह पाडायला निघाले तेव्हा दारात आम्ही धरणं धरलं, आणि स्वतःचा भोंगा घेऊन ते न बोलावता आले. माझं भाषण ऐन रंगात आलेलं, आणि ह्यांनी मागून सगळ्यांदेखत सांगितलं, "ताई, माइक खाऊ नका, लोकांना शब्द ऐकू द्या." मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. नाट्यगृह पडलंच. लोकांनी दारं नेली, खुर्च्या नेल्या. काकांनी ढिगाऱ्यातून भिंतीवरचे चार स्पीकर उपसले आणि हातगाडीवर घालून घरी आणले.

दार उघडंच होतं. खोली कसली, कारखानाच तो. हजार माणसांच्या हॉलसाठी बनवलेली धुडं दहा बाय बाराच्या खोलीत बसवायची म्हणजे हत्तीला माळ्यावर चढवायचा प्रकार. त्यांनी खोकी कापून लहान केली होती, आतून जुन्या गोधड्यांचं अस्तर लावलं होतं. आवाजाबरोबर हलणाऱ्या पुठ्ठ्याच्या कोनांची कड कुजून गळली होती, तिथे पांढऱ्या मऊ कापडाची पट्टी गोंदाने बसवलेली.

"छान बसलंय. कशाचं कापड?"

"तिच्या उशीचा अभ्रा. धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की कोन अडत नाही."

लेकीने तोंड फिरवलं.

दोन स्पीकर पुढे, दोन मागे, मधे एक खुर्ची. काकांनी मला तिच्यात बसवलं. "बोलायला आलात ना? बोला. पण आधी ऐका."

"तुमच्या लेकीने सांगितलंय मला सगळं."

"तिने ऐकलंय कुठे? दारातूनच ओरडून जाते."

"मग काय करू?" लेक दारातूनच ओरडली.

मागच्या दोन स्पीकरांची तार त्यांनी पुढच्यांच्या मधेच अडकवली होती. टेपच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखं असेल ते आपसात वजा होतं, म्हणाले. वेगळं असेल तेवढंच मागे उरतं. "नट समोर बोलतात. मागे राहतो तो नुसता हॉल."

त्यांनी टेपचा स्पूल लावला. माझ्या वयाच्या सगळ्यांना पाठ असलेला तो फार्स होता, त्याचा शंभरावा प्रयोग. समोर नट बोलू लागले आणि माझ्या पाठीमागे, देवाशपथ सांगते, मी देव मानत नाही तरी, हॉल उभा राहिला. खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं. माझ्या ओळखीचा तो छताखालचा पोकळ गारवा मानेवर आला. ज्या नाट्यगृहासाठी मी लाठी खाल्ली आणि जे माझ्या डोळ्यांदेखत पाडलं, ते माझ्या पाठीला टेकून बसलं होतं. मी वळून पाहिलं. समोर भिंत होती, आणि तिच्यावर कॅलेंडर.

"आता येईल," काका म्हणाले.

घरमालक कपाटासमोर येतो, दरडावून विचारतो, "आत कोण आहे?" मग आतून लपलेला भाडेकरू म्हणतो, "कोणी नाही!" आणि हॉल हसून कोसळतो. तर घरमालकाने विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी, त्या शांततेत, मागच्या भिंतीपाशी एक बाई हसली. हुंदक्यासारखं आत ओढलेलं, मग मोकळं सुटलेलं हसू.

मग उत्तर आलं. मग सगळे हसले.

काकूंना मी ओळखत होते. नाटक पाठ असल्यामुळे त्या विनोदाच्या आधी हसायच्या आणि पुढची रांग वळून बघायची. असं आगाऊ हसणारी दुसरी बाई त्या हॉलमध्ये नव्हती.

  लेक केव्हाच आत आली होती, माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"बाबा, हा शंभरावा प्रयोग ना?" तिचा आवाज बदलला होता. "आई नव्हती त्याला. मला कांजिण्या आल्या होत्या. आई माझ्यापाशी बसली होती, कडुलिंबाचा पाला फिरवत. मला आठवतंय."

मला वाटलं, आता म्हातारा मोडणार.

काकांनी सावकाश यंत्र थांबवलं. "ती येऊ शकली नाही म्हणून तर टेप केलं, बाळा. तिला घरी ऐकवायला. तेव्हा माझ्याकडे एकच स्पीकर होता, बारका. सगळं ऐकून म्हणाली, सगळे हसले की हो, मीच राहिले."



"हे चार बसवले तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. कशी ते विचारू नका. मी आवाजवाला आहे. आलेला आवाज नीट पोचवायचा, एवढं माझं काम."

मी समजवायला गेले होते ना? काही न समजावताच जिना उतरले. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "ताई, खुर्चीच्या मागे भिंत किती लांब हवी?"

काका लेकीकडे राहायला आले त्या दिवशी मीही गेले. जावयाने सोफा हलवला. मोठ्या मनाचा माणूस, पण जीभ तिखट. "सासरे एकटे येतील वाटलं होतं, हे तर सगळं नाट्यगृह घेऊन आले." तारा त्यानेच जोडल्या, लाल खुणेला लाल तार, अगदी नीट. काका खुर्चीत बसले. घरमालकाने विचारलं, भाडेकरूने उत्तर दिलं, हॉल हसला. मधल्या शांततेत काहीही आलं नाही.

पुन्हा लावलं. नाहीच. काकांनी खुर्ची हलवली, खिडकी लावायला सांगितली, स्पूल तिसऱ्यांदा मागे नेऊन लावला. मग तो प्रसंग यायच्या आधीच हात मांडीवर ठेवून म्हणाले, "ती जुन्या घरीच राहिली. मला परत सोडा."

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी लेकीकडे.

लेक मागे जाऊन गुडघ्यांवर बसली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून, काका तपासायचे तसा, तिने मागच्या एकेका स्पीकरच्या तारांना टेकवला. पहिल्याचा कोन पुढे उसळला. दुसऱ्याचा आत गेला. "बाबा, याची लाल खूण उलटी आहे! एक ढकलतोय, एक ओढतोय."

"असतं तसं जुन्यांत," काका पाठमोरेच म्हणाले. आवाजात जीव नव्हता. "मधला आवाज मरतो मग."

तिने दुसऱ्याच्या तारा सोडल्या. मागचे दोघे एकाच तारेवर असल्याने सोडल्याबरोबर मागचा सगळा हॉल गप्प झाला, पण पुढचं नाटक कोणी थांबवलंच नव्हतं. घरमालक कपाटापाशी आला होता.

"आत कोण आहे?"

आणि मागच्या भिंतीपाशी एक बाई हसली. आधी आत ओढलेलं, मग मोकळं.

काकांचे खांदे खाली आले. "बसलं," ते म्हणाले. "जोडलंस ना? बसलं बघ."

मी मागे पाहिलं. तारेची दोन्ही टोकं लेकीच्या हातात, हवेत होती. दुसरा हात तिने स्वतःच्या तोंडावर दाबला होता आणि डोळे असे फाकले होते, जणू तिच्या गळ्यातून कोणीतरी तिला न विचारता बाहेर पडलं होतं.

आयुष्यात मी खोट्यावर गप्प बसलेली नाही. तेव्हा मात्र, खोटं कोणतं तेच मला कळेना.

"हो बाबा," ती म्हणाली. "जोडलं."

आणि तारा उलट करून, खाली मान घालून, जोडू लागली.