फळीवर राहिलेली पावलं

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. विषय निघालाच तर मी पाऊसपाण्याचं काढायचो, नाहीतर चहाचं विचारायचो. आमच्या त्या गावात अजून सांगतात, की शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी एका पोरीचं मातीचं काम मोडलं. साहेबांनी काही मोडलं नव्हतं. मोडलं ते मी. इतकी वर्षं मी साहेबांच्या नावावर ते खपू दिलं.

रिह्याच्या खोऱ्यातल्या एका गावात मी तेव्हा शिक्षक होतो. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

पोरं शाळेत मातीचं काहीबाही करायची, हौसेनं घरी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ते कोंबड्यांच्या खुराड्याआड पडलेलं असायचं. घरचे बघतच नसत. मला वाटलं, आईबापांनीच पोरांसोबत बसून करावं. अमावास्येला तिकडे कुणी औत धरत नाही, म्हणून त्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. भातलावणी उरकली होती.

"म्हंजी आता आमाला बी पाटी आणाया लावताय व्हय, गुरुजी?" एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

"ह्यांचं हातपाय अजून चिखलातनं निघालं न्हाईत, आन् परत मातीच?" एका बाईनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हणालो, "चांगलं नाही झालं तरी चालेल. पण पोराच्या शेजारी बसा. त्याच्याबरोबर हात घाला."

बहुतेकांनी ऐकून सोडून दिलं. एका माणसानं मात्र मनावर घेतलं. त्याची बायको आदल्या पावसाळ्यात बाळंतपणात गेली होती. घरात तो आणि चौथीत शिकणारी मुलगी, दोघंच. आई गेल्यापासून मुलगी बोलायची बंद झाली होती. हजेरीला नुसता हात वर करायची.

चार-सहा दिवसांनी मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. आतून मुलीचा आवाज आला, म्हणून थांबलो.

"आबा, तुमच्या बैलाला डुकराचं त्वांड आलंय."

"आसूं दे की. तुज्या गड्याला तरी कुटं मान हाय?"

"थंडी वाजतीया त्याला."

आणि ती हसली. मी दारातच उभा राहिलो. वर्षभरानं ती हसत होती.

त्यांनी एका फळीवर सगळं भाताचं खाचर उभं केलं होतं. खाचराचीच माती, तडे जाऊ नयेत म्हणून त्यात भाताचं तूस. बैल, औत, औतामागे गडी. आणि पुढे वाकून रोपं लावणारी एक बाई, पाठीवर पावसासाठी पानांचं इरलं. इरल्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं. पावसात माती वाळेना, म्हणून फळी चुलीच्या वर ठेवायचे. धुरानं ती बाई काळसर झाली होती.

"ही कोण?" मी विचारलं.

"आय," मुलगी म्हणाली.

म्हणजे मला माहीत होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्या बायकोलासुद्धा मी सांगितलं, की मला माहीत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी ओवरीत पोरांची कामं मांडली होती. आईबापही आले होते. साहेब त्या फळीपाशी थांबले. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "हे मुलांचं दिसत नाही. घरून करून आणलं आहे का?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की मीच सांगितलं होतं, दोघांनी मिळून करा. पण साहेबांच्या हातात माझी नोकरी होती. मी म्हणालो, "असं व्हायला नको होतं, साहेब." आणि मुलीकडे वळून, "तू केलंस तेवढंच ठेव. बाकीचं काढ."

ती फळीकडे बघत राहिली.

"काढ म्हटलं ना."

"कुनाचं काय, ते कसं सांगू गुरुजी? दोघांचं हाय."

मुंडासं काढून हातात धरलेला तिचा बाप खांबापाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमीच म्हनला व्हतात."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. फळीवरच्या त्या बाईचं काम सगळ्यात सफाईचं होतं, म्हणजे ते मोठ्या माणसाचं, असं समजून मी ती मातीची बाई धरली आणि ओढली. ती घोट्यांपाशी तुटली. वरची बाई माझ्या हातात आली आणि दोन पावलं फळीवर राहिली.

साहेब म्हणाले, "अहो, मोडायचं कशाला?" आणि पुढच्या कामाकडे गेले. मागे उभ्या गावकऱ्यांना साहेबांच्या पाठीआड एवढंच दिसलं, की साहेब फळीपाशी थांबले आणि बाई मोडली.

बापानं माझ्या हातातली बाई घेतली, मुंडाशात गुंडाळली आणि मुलीला घेऊन निघून गेला. फळी तिथंच राहिली. मुलगी त्यानंतर शाळेत आली नाही.

पुढे मी कायम झालो, बदली झाली. तो माणूस वारला. मुलगी लग्न होऊन ताम्हिणीकडे गेली, एवढंच कळलं. तिला शोधायला मी कधी गेलो नाही. आईबापांना शाळेत आणणारे गुरुजी म्हणून माझं कौतुक झालं, आणि मी ते घेतलं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगतो : पोरांशेजारी जमिनीवर बसा, हात घाण करून घ्या, वाकडं होऊ द्या. आणि नंतर कुणालाही विचारू देऊ नका, की यातलं कुणाचं काय. हे शेवटचं वाक्य मी का जोडतो, ते कुणाला सांगत नाही.

तपासणीनंतर मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. फळी काखेत होती. काय बोलायचं ते बांधावरून चालताना घोकत होतो. तो पडवीत इरलं विणत बसला होता. "या गुरुजी," म्हणाला. मुलीनं पाण्याचा तांब्या ठेवला, माझ्याकडे पाहिलं नाही.

"बोलते का?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "परत बंद झाली. मीबी माती काढून आणली व्हती. हात लावीना."

तो हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बोलेन, याची तो वाट बघत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तांब्या उचलला, पाणी प्यालो, आणि म्हणालो, "गैरहजेरी फार झाली आहे. नाव काढावं लागेल."

"काढा," तो म्हणाला.

मी फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि निघालो. बांधावर घोकलेलं सगळं तोंडात तसंच होतं, आणि आजही आहे : बाळ, ती तुझी आई होती हे मला ठाऊक होतं. तुम्ही दोघांनी मी सांगितलं तेच केलं होतं. मी घाबरलो, आणि तिला तुमच्यातून ओढून काढलं. मला क्षमा करा.