निमगावात शिवलेला सिंहली राजा

माझा गेणूमामा निमगाव सावाचा शिंपी. पस्तीस वर्षं तमाशाच्या वगातले राजे त्यानंच शिवले. राजा विक्रम असो की रावण, सगळ्यांना एकच जरीचा कोट, आणि पब्लिकचीही कधी तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी फडमालक बाळासाहेबानं श्रीलंकेतल्या एका सिंहली राजावर नवा वग बसवला. तो मामाचा शेजारी आणि बालमित्र. एका जुन्या चित्राचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "गेणू, अस्सल शिव. माईकवरनं तुझं नाव घेतो, शब्द हाय माझा."

मामा त्या शब्दाला भुलला. फोटो बघून मात्र चक्रावला. कमरेला एकावर एक गुंडाळलेली वस्त्रं, फुगलेल्या बाह्या, घोट्याशी चुण्यांची विजार, वर चौकोनी टोपी. त्याच्या पोरीनं, सोनलनं, मोबाइलवर वाचून सांगितलं, की तिथले शेवटचे राजे दक्षिण भारतातल्या 'नायक' नावाच्या राजघराण्यातले, म्हणून थाट तिकडचा. आणि बाह्या किनाऱ्यावर ठाण मांडलेल्या पोर्तुगीजांच्या वळणाच्या.

"म्हंजी शेजाऱ्याचं आवडलं ते घातलं," मामा खूश झाला. "लई दिलदार राजा!"

अडीच महिने तो त्यातच बुडाला होता. बाह्यांचा फुगा बसेना म्हणून चारदा उसवल्या. अंजनामामीनं टोपीवर मणी टाचले. नवरा तमाशावाल्यांचं शिवतो म्हणून मामीचे भाऊ अवसरीहून कधी तिच्या दारात येत नसत. आपलं नाव त्यांच्या कानावर पडावं म्हणून मामानं त्यांना स्वतः जाऊन आणलं आणि आणे गावच्या यात्रेत, तमाशाच्या दिवसाच्या खेळाला, पुढच्या रांगेत बसवलं.

राजा आला, टाळ्या पडल्या. बाळासाहेबानं माईक घेतला. "मंडळी, हा पोशाख खास कोलंबोहून मागवलाय!"

मामी खाली बघत राहिली. तिचा थोरला भाऊ हसला. हा दगा होता, सरळ सरळ दगा, आणि तोही चारचौघांत.

मामा तडक राहुटीत गेला. मी मागोमाग. "बाळ्या, त्या राजानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं अंगावर घालून मिरवलं. तुला एका शेजाऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटली?"

"निमगावचा पोशाख म्हनल्यावर कोन टाळ्या वाजवतं राव?" बाळासाहेब म्हणाला. "अन् विजार जरा ढिली करून दे, उद्या मंचरला खेळ हाय."

मामानं ती ढिली करून दिली. त्याच्या जागी मी असतो तर तिला कात्री लावली असती.