पाचवी झाली की निघते

हरसूलकडच्या आमच्या दवाखान्यात सिस्टर फिलोमिना चहाला कधी नाही म्हणत नसत आणि बाळंतिणीला घरी सोडायला कधी हो म्हणत नसत. नव्वदच्या सुमाराला मी तिथे नर्स म्हणून गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मंदाबाई, वाद नंतर. आधी पाणी तापवा." मी वाद घातलाच नव्हता. पुढे घालेन, हे त्यांनी तोंडावरून ओळखलं असावं.

त्या देवळाली कॅम्पच्या. वडील तोफखान्यात हवालदार. तोफांच्या सरावात पाढे पाठ केलेली बाई! वीज कडाडली की मी दचकायची, त्या सुईत दोरा ओवत बसायच्या.

पाड्यावरच्या बायका बाळंत झाल्या की दुसऱ्याच दिवशी घरी पळायच्या. कारण पाचवी. पाचव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येणार, आणि येणार ती घरी. दवाखान्याचा पत्ता तिला कुठला? डोंगर चढताना रक्त जाऊन एखादी वाटेतच दगावायची. शेवटी सिस्टरांनी जिवीबाईला विचारलं. जिवीबाई म्हणजे तिथली म्हातारी सुईण. "सटवाईला इथं बोलावता येईल का हो?"

"न यायला काय झालं? पाटा-वरवंटा मांडा, येती का नाय बघा."

खोलीत क्रुसाखाली पाटा आला. नाशिकहून फादर आले, त्यांनी तो पाहिला. "सिस्टर, हे काय?"

"पाटा, फादर. त्यावर चटणीही होते."

फादर चहा पिऊन गेले. त्यानंतर बायका राहू लागल्या आणि जगूही लागल्या.

पुढे त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाने त्यांना आफ्रिकेत पाठवलं. तिथे यादवी पेटली. रविवारी त्यांचा फोन यायचा. एका रविवारी म्हणाल्या, बाकीच्या सिस्टर ट्रकने निघाल्या.

"मग तुम्ही का नाही बसलात?" मी ओरडलेच.

"एक बाळंतीण आहे. पोट शिवलंय, हलवली तर जाईल. पाचवी झाली की निघते."

"अहो, तिथं कुठली आलीय पाचवी?"

"मी आहे ना इथं. वाद नंतर, मंदाबाई."

फोन कटला. तो वाद राहून गेला.

पाचवीच्या आधीच बंदूकवाले आले. त्या बाळंतिणीच्या जमातीची माणसं हुडकून मारत होते ते. सिस्टरांनी तिच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कुठेतरी भिरकावली आणि "आत कोणी नाही" असं सांगत दारात उभ्या राहिल्या. त्यांना तिथेच गोळी घातली. दार मात्र कोणी फोडलं नाही. हे सगळं नंतर त्या बाळंतिणीनेच बाकीच्या सिस्टरना सांगितलं.

नाशिकच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. फादर त्यांना रक्तसाक्षी म्हणाले, म्हणजे श्रद्धेपायी प्राण देणारी. मला मात्र नुसता राग येत होता. ट्रक उभा होता हो दारात! बसायचं होतं!

तशीच एस.टी.ने हरसूल गाठलं. जिवीबाई अंगणात नागली पाखडत होती. तिला सगळं सांगितलं आणि मला रडू फुटलं.

तिचं सूप थांबलं. "आन् ती बाळंतीण?"

"वाचली."

"पोर?"

"तेही वाचलं."

"मंग रडतीस कशाला?" असं माझ्यावर खेकसली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून स्वतःच हमसाहमशी रडायला लागली.