एकदाणीचा फोटो

सावद्याची केळीची शेती भावाच्या गळ्यात मारून गिरधर जळगावला आला, स्टुडिओ टाकला आणि अर्ध्या गावाची लग्नं त्यानं कॅमेऱ्यात भरली. पण त्याचा खरा तोरा लग्नांचा नव्हता. रुपचंद शेठ सराफांच्या पेढीची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दागिन्यांची पुस्तिका दरवर्षी तोच काढायचा. नथ, पाटल्या, डोरलं, एकदाणी, सगळं लाल मखमलीवर मांडायचं, फ्लॅश मारायचा आणि मोकळं व्हायचं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात त्याचं नाव असे. घरी पाहुणा आला की पुस्तिका शेवटच्या पानापासूनच उघडली जाई.

यंदा शेठ म्हणाले, "गिरधरभाऊ, आता गिऱ्हाईक मोबाईलवर दोन बोटांनी फोटो ताणून बघतं. तुमचे फोटो ताणले की मण्यांवर काळपट डाग दिसतात. दिपमालानं एक नमुना पाठवलाय. तुम्हीही पाठवा, याच एकदाणीचा. ज्याचा चांगला, त्याला पुस्तिकेचं काम."

दिपमाला! परवापरवापर्यंत ही पोरगी लग्नाच्या मांडवात त्याच्यामागे लाईट धरून उभी असायची. आता तिनं रिंग रोडला दोन खोल्यांत स्वतःचं काम थाटलं होतं, आणि जो भेटेल तो गिरधरला तेच सांगायचा, "तुमची दिपमाला काय फोटो काढते हो!" त्या 'तुमची'नं त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेठनी तिचा फोटो दाखवला, मोबाईलवर पाठवूनही दिला. सोन्याच्या गोल मण्यांची ती माळ, पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत लख्ख. डाग नावाला नाही. गिरधरच्या पोटात असं दुखलं की त्या दुपारी त्यानं ताट अर्ध्यावर सारलं.

जळणाऱ्या माणसाला पहिला संशय येतो तो सामानाचा. त्यानं तिला सहज म्हणून फोन लावला. "काय गं, नवी लेन्स घेतली वाटतं?"

"नाही भाऊ, जुनीच साठ एमएमची आहे."

खोटं बोलते, गिरधरनं ठरवून टाकलं. तिच्या जागी तो असता तर त्यानंही खोटंच सांगितलं असतं. मग त्यानं अगदी जवळून बारीकसारीक टिपणारी शंभर एमएमची मॅक्रो लेन्स मागवली, आणि एक जडसा स्टँडही. बायकोनं, प्रमिलानं, विचारलं तर म्हणाला, "धंद्यात घालावं लागतं."

लेन्स आली. एक मणी लख्ख दिसला, बाकीचे दुधात बुडाल्यासारखे. मॅक्रोचं असंच असतं, जितकं जवळ जावं तितकी फोकसची पट्टी बारीक होत जाते. गिरधरनं हिंदीतले व्हिडिओ पाहिले. पंखा बंद केला, बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला, एकेका मण्यावर फोकस सरकवत ढीगभर फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकात एक जोडले. रविवार सगळा त्यात गेला. आता माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होती, पण डागही होतेच. उलट जास्त ठळक झाले होते.

तेव्हा त्याला सुचलं की घासलेला सोन्याचा मणी म्हणजे आरसाच. दिपमालाच्या मण्यात तिचा कॅमेरा दिसणारच! चोरी पकडायच्या आनंदात त्यानं तिचा फोटो स्क्रीनवर घेतला आणि मणी ताणला, आणखी ताणला. आत सगळीकडे पांढरं आणि मध्ये एक काळं भोक. कॅमेरा नाही, दिपमाला नाही. गिरधरला उलगडा झाला: माळेभोवती तिनं बटर पेपरचं घर बांधलं होतं, उजेड बाहेरून टाकला होता आणि लेन्सचं तोंड तेवढं भोकातून आत घातलं होतं. लेन्सचा काही संबंधच नव्हता.

प्रमिला चहा घेऊन आली. शेजारी त्याचाही फोटो उघडा होता. तिनं वाकून पाहिलं.

"अहो, हाऊ काय शे? बठ्ठा मणीसमा तुम्हीच शेतस!"

गिरधरनं पाहिलं. प्रत्येक मण्यात एक गिरधर उभा होता. कॅमेऱ्याच्या बाजूला वाकलेला, पोट पुढे, तोंड उघडं, अंगात चौकटीचा शर्ट. जुन्या लेन्सनं त्याचा नुसता डाग व्हायचा, नव्या लेन्सनं शर्टाची बटणंसुद्धा दाखवली. इतकी वर्षं प्रत्येक आखाजीला तो खानदेशभरच्या बायकांच्या दागिन्यांत असा उभा होता. प्रमिला हसून हसून खाली बसली. गिरधरला मात्र राग आला तो दिपमालाचा. एवढे दिवस हाताखाली होती, तिला हे दिसलंच असणार, आणि एका शब्दानं बोलली नाही!

दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्याकडून त्यानं बटर पेपर आणला, तिच्यासारखंच घर बांधलं, तसंच भोक पाडलं आणि फोटो घेऊन पेढीवर गेला. शेठनी दोन बोटांनी तो ताणताणून पाहिला.

"वा! हा दिपमालाचा ना?"

"माझा आहे, शेठ."

"तुमचा?" शेठनी पुन्हा ताणला. "मग काम तुमचंच. अगदी तिच्यासारखा काढलात."

ज्या कामासाठी त्यानं जेवण टाकलं होतं, ते काम हातात आलं आणि त्याच्या तोंडाची चव गेली. पेढीवरचा चहा संपवून पायऱ्या उतरतो तर समोर दिपमाला गाडी लावत होती. काम कुणाला मिळालं हे शेठनी तेवढ्यात तिला फोनवर सांगितलं होतं, तरी ती हसत होती. तिला धुळ्याच्या एका मोठ्या पेढीनं दागिन्यांच्या फोटोंसाठी बोलावलं होतं.

"भाऊ, शेठ काय म्हणतात बघा, तुम्ही माझ्यासारखे काढता! मी त्यांना म्हटलं, असं कसं म्हणता, हे सगळं मी भाऊंकडेच तर शिकले."

ती मनापासून बोलत होती. बटर पेपरचं नाव गिरधरनं तिच्यापुढे आयुष्यात कधी काढलं नव्हतं.

"हो मग," तो म्हणाला, "माझ्याकडेच शिकलीस."

ती पायऱ्या चढून गेली, आणि गिरधर तिच्यावर इतका जळला की तेवढा तो आधी कधीच जळला नव्हता.