डावीकडचा अर्धा इंच

माझ्या आईवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते: नव्वदीच्या सुरुवातीला, मी दहावीत होते त्या नवरात्रात, पाचव्या माळेला, दुपारी चारच्या सुमारास. कुठे? डोंबिवलीत, आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, ब्लाउज शिवणाऱ्या काकूंच्या घरी. तिथे एका बाईच्या हाताला दुसऱ्या बाईच्या छातीतली गाठ लागली आणि ती गप्प बसली.

मला हे कळलं पाच वर्षांनी, चालता चालता.

तोवर आई गेली होती. मी कॉलेजात होते, पत्रकं आणि मोर्चे यांत बुडालेली. आमच्या महिला गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरासाठी मदत गोळा करायला कल्याण ते ठाणे अशी तीन दिवसांची पदयात्रा काढली. पत्रक माझं. ‘बायांनो, लाज सोडा, जीव वाचवा!’ ठळक टायपात. यायचं कबूल केलेल्या निम्म्या आल्याच नाहीत. नवऱ्यांना ‘स्तन’ हा शब्द फलकावर नको होता. आल्या त्यांत काकू होत्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून. आईच्या आजारपणात त्यांनी वर्षभर आम्हाला जेवणाचे डबे पोचवले होते. त्याच मायेनं आल्या असतील, असं मी धरून चालले. गळ्यात पिवळी टेप होती. ती त्या देवळातसुद्धा काढत नसत.

पहिला दिवस मला अर्धवट झोपेतल्यासारखा आठवतो. कोवळं ऊन होतं, खाडीकडून खारट वारा येत होता. थोड्या वेळानं पाय माझे राहिलेच नाहीत, ते आपले आपण चालत होते. पुढच्या बायकांच्या पाठी एका लयीत हलत होत्या आणि त्यांत मधेच एक जांभळं ब्लाउज दिसायचं, थेट आईच्या चालीनं चालणारं. मी पाय उचलला की तेही तेवढंच पुढे जायचं. ही झोप आहे हे मला कळत होतं. तरी मी मागे लागले होते.

बाजारात एका कोळणीपुढे पत्रक धरलं.

“हात वले हायेत गो बाय. तूच वाचून दाखव.”

मी घोषणेच्या सुरात वाचलं.

“एवढी वरडतंस कशाला? गिऱ्हाईक पलेल माजा.”

सगळ्या हसल्या. मी सोडून.

दुसऱ्या दिवशी शीळच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं होती. ट्रक गेला की धूळ उठायची, त्या धुळीत ऊन तरंगत राहायचं आणि घोषणा कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यासारख्या वाटायच्या. काकू माझ्या बाजूला आल्या.

“तुझ्या आईचं जांभळं ब्लाउज आहे का गं अजून?”

“आहे. का?”

“डावीकडे अर्धा इंच सैल आहे बघ ते. मी सोडलेलं.” मग रस्त्याकडे बघत त्या बोलत राहिल्या. “तिच्या अंगावर छातीची कटोरी बसवून बघताना हाताला लागलं. आवळ्याएवढं. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण माळेचा दिवस, म्हटलं, अभद्र कशाला बोला. आणि ती हसत होती. म्हणाली, ‘वहिनी, दसऱ्याला मिळेल ना?’ मी म्हटलं, मिळेल.”

“आणि ते डबे?”

“डबे काय गं. डबे देणं सोपं असतं.”

“तुम्ही मारलंत तिला,” मी म्हणाले. मोठ्यानं. मागची घोषणा अर्ध्यावर तुटली.

“चल, मागच्या खोळंबल्यात,” काकू एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी दिवा स्टेशनजवळच्या एका चाळीत आमचा मुक्काम होता. दारोदार रिकामे हंडे आणि बाया नळावर डोळे लावून बसलेल्या. माझ्या पत्रकांच्या तिथे पोरांनी होड्या केल्या. पण काकूंची टेप बघून एक तिशीतली बाई उठली.

“टेलर का तुम्ही? बघा ना, एकाच बाजूला काचतं हे. शिलाई उसवून देता?”

आतल्या खोलीत काकूंनी तिच्या काखेपाशी हात नेला. मी दारात होते. तो हात थांबलेला मी पाहिला. बाहेर हंडे वाजायचे थांबले, की मलाच ऐकू येईना, कोण जाणे. दुपार आपला श्वास रोखून उभी होती. त्या खोलीत आईही उभी होती, जांभळ्या ब्लाउजात, हसत, दसऱ्याची वाट बघत. मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. बोला. बोला ना.

काकूंनी गळ्यातली टेप काढून खाली ठेवली.

“बाई, इथं गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “मी हे सैल करून देणार नाही. उद्या आमच्याबरोबर ठाण्याला चल, डॉक्टरला दाखवू.”

ती बाई कावरीबावरी झाली. “उद्या? उद्या सकाळी पाणी येतं हो.”

“अगं मर, पाण्याचं काय घेऊन बसलीस?” शेजारीण दारातून ओरडली. “तुझं मी भरते. जा तू!”

तिसऱ्या दिवशी ती आमच्यात चालली, तेच काचणारं ब्लाउज घालून. कळव्याच्या पुलावर खाडी चमकत होती आणि पाठींच्या त्या लयीत मी जांभळं ब्लाउज शोधलं. दिसलं नाही. काकू आणि ती पुढे होत्या. काकूंनी तिचा हात धरला होता, शाळेत पहिल्या दिवशी पोरीचा धरतात तसा.

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं. ती आजही दिव्यात आहे आणि नळावर सगळ्यांशी भांडते.

काकूंना मी माफ केलं का? नाही. पण त्या आता प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेण्याआधी सांगतात, “हाताला काही लागलं तर मी बोलणार, आधीच सांगते.” माझ्या पत्रकापेक्षा ते वाक्य बरं आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमचं ब्लाउज कोण शिवतं? तुमच्या आईचं, बायकोचं? उद्या तिच्याकडे जा, नुसतं ब्लाउज टाकून येऊ नका. तिला सांगा: हाताला काही लागलं तर सण बघू नकोस, वार बघू नकोस, तोंडावर सांग. आणि तिनं सांगितलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पाणी शेजारीण भरेल.