समीर बघतो तेव्हा

"सुजाता, समीरचे सगळे लुक उडव. निखिलकडे बघताना तो दिसताच कामा नये."

घोडबंदर रोडच्या आमच्या स्टुडिओत, माझ्या एडिट रूमच्या दारातूनच कुणाल सर ओरडले. ते आमच्या मालिकेचे क्रिएटिव्ह हेड, मी एडिटर. मालिकेत समीर आणि निखिल कल्याणला भागीदारीत मसाल्याचं दुकान चालवतात.

"का पण, सर?"

"लोक म्हणतायत, समीरचं निखिलवर प्रेम आहे! व्हिडिओ फिरतायत. इकडे निखिलचं लग्न लागतंय. अगं, जिगरी दोस्त आहेत ते. नाही जमलं तर समीरला दुबईला पाठवतो."

मालिकेत दुबईला पाठवणं म्हणजे नटाला घरी बसवणं.

लुक म्हणजे काय ते सांगते. सीन झाला की डायरेक्टर नटांचे काही गप्प चेहरे शूट करून ठेवतो. एपिसोड लांबीला कमी पडला की आम्ही ते मध्ये चिकटवतो. स्टेपनी म्हणा ना. समीरचा एक लुक माझा फार लाडका. मान जराशी तिरकी, डोळे मऊ. मी तो वाट्टेल तिथे लावलेला. खरं तर तेव्हा तो नट ब्रेकच्या वड्यांकडे बघत होता. शप्पथ!

काय उडवायचं ते कळावं म्हणून मी फॅन्सचे व्हिडिओ लावले. पोरांनी माझे विखुरलेले लुक वेचून जोडलेले. निखिल हसतो, समीर बघतो. निखिल मुलगी बघायला निघतो, समीर त्याची कॉलर नीट करतो आणि मग बघतो. बाई गं! अंगावर काटा आला. मला वडे माहीत होते, तरी दिसेनात. इतकी वर्षं कापतेय, जोडतेय, पण ही गोष्ट मला जमली नसती. माझ्याच हातून गेलेली, आणि मलाच दिसली नव्हती.

खाली शहाडच्या एका मुलाची कमेंट होती. 'आई म्हणाली, समीरला निखिल आवडतो ना रे? बिचारा, सांगणार कोणाला! आमच्या घरात हा विषय पहिल्यांदाच निघाला. लग्नाचा एपिसोड आईसोबत बघणार आणि माझंही सांगून टाकणार. प्लीज, समीरला घालवू नका.'

झालं! आता हात चालेना. पण नोकरी ती नोकरी. मी सांगितल्याप्रमाणे समीरला काढून लग्नाचा एपिसोड कापला. आणि गुपचूप दुसरी कॉपीही केली. तिच्यात फक्त एक लुक जास्त. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, समीर बघतो.

सरांनी पहिली कॉपी पाहिली. "हे काय, लग्नाची सीडी झालीय नुसती! काही घडतच नाही."

मी दुसरी लावली. सर पुढे सरकले.

"परत लाव."

परत लावली.

"अगं, ह्याचं आता कसं होणार?"

"कोणाचं, सर?"

"समीरचं गं!" म्हणाले आणि स्वतःच चपापले. मग खुर्ची मागे ढकलून उठले. "दुबई कॅन्सल. हीच कॉपी पाठव."

टेलिकास्टनंतर त्या मुलाने लिहिलं, 'सांगितलं. आई खूप रडली. मग म्हणाली, चल, जेवून घे.'

मी एडिट रूममध्ये एकटीच रडले, खोटं कशाला बोलू?

बाकी धडा धंद्याचाच. कुठलाही लुक डिलीट करू नये. त्यात कोणाला काय दिसेल, ते आपल्या बापालाही सांगता येत नाही.