सोयाबीनमधलं पिल्लू

त्या वर्षी आम्ही शहराबाहेर हातोद गावाजवळ सोयाबीनची कापणी बघायला गेलो होतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं तिथे शेत आहे. मुलगी तेव्हा सातवीत होती. राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरीला शेत दाखवावं, एवढाच हेतू.

कापणाऱ्या बायका ओळीनं पुढे सरकत होत्या, त्या एकदम थांबल्या. उभ्या पिकात एक पिल्लू पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. तांबूस रंगाचं, लांब कानांचं. आमच्याकडे बघत होतं, पण जागचं हलत नव्हतं.

"रोजड़े का बच्चा है," त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. नीलगायीला तिकडे रोजडा म्हणतात. "हाथ मत लगाओ, बाईजी. माँ यहीं कहीं होगी. अपन इतना टुकड़ा छोड़ देते हैं, शाम को ले जाएगी."

मी चहूकडे पाहिलं. आई कुठेच दिसेना. बांधावर दोन कुत्री मात्र दिसली. तोवर मुलीनं पिल्लाच्या पाठीवर हातही ठेवला होता.

"आई, थरथरतंय गं ते. भूक लागली असेल त्याला."

"राहू दे," नवरा म्हणाला. "ह्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त समजतं."

"आणि कुत्र्यांनी फाडलं तर?" असं म्हणत मी ते उचललं.

त्यानं जरासुद्धा धडपड केली नाही. मला वाटलं, आपल्यावर विश्वास टाकतंय. ते भीतीनं गोठलं होतं, हे नंतर कळलं. म्हातारी विळा घेऊन ओळीत जाऊन बसली.

घरी बाल्कनीत जुनी चादर अंथरली. मेडिकलमधून बाळाची बाटली आणली आणि थैलीचं दूध कोमट करून पाजलं. थोडं प्यायलं. त्याचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'किती पुण्याचं काम केलंस' असे निरोप येत राहिले, आणि ते वाचायला मला आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले आणि बाल्कनीच्या दारातच थांबले.

"कुठे मिळालं हे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून पिल्लाचा डोळा उघडून पाहिला.

"आई ह्याला लपवून चरायला जाते, ताई. दिवसभर हे गप्प बसून राहतं, म्हणूनच वाचतं. त्याला कुणी टाकून दिलेलं नव्हतं. आता आधी वन विभागाला फोन लावा. घरात ठेवणं गुन्हापण आहे."

दुपारी वन विभागाची दोन माणसं आली. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडली नाहीत. "उसी खेत में वापस रख देते, मॅडम, लेकिन अब ये खड़ा ही नहीं हो रहा," एवढंच एकजण म्हणाला. पोत्यावर घालून त्यांनी ते नेलं. दुसऱ्या दिवशी फोन आला की पिल्लू गेलं. मी ओट्याशी कोबी चिरत उभी होते. तशीच उभी राहिले.

मुलगी शाळेतून आल्यावर तिला सांगितलं. तिनं पाठीवरचं दप्तरही काढलं नाही.

"आपण नेलं नसतं तर जगलं असतं?"

"हो. बहुतेक जगलं असतं."

"त्या आजी सांगत होत्या ना? मग का उचललंस?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा हातोदला गेलो. निदान म्हातारीची माफी मागावी, असं मनात होतं. ती खळ्यावर भेटली. मी हात जोडले, तर तिनं ते धरून खाली केले.

"तीन दिन आती रही उसकी माँ," ती म्हणाली. "दिनदहाड़े. कुत्ते दौड़ाते तो भागती, फिर आ जाती. उसी जगह सूँघती रहती. फिर नहीं आई."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी त्या जागेपर्यंत चालत गेले. कापणी उरकली होती, पायांना खुंट टोचत होते. नवरा माझ्यामागून आला. मुलगी गाडीतून उतरलीच नाही.